मांडवाला कर्ज, शिक्षणाला नकार

कोलशेत रस्त्यावर पूर्वी सँडोझचा, नंतर क्लॅरियंटचा कारखाना होता. त्या जागी आज उत्तुंग इमारती उभ्या आहेत. शेती गेली, कारखाने गेले. आपल्या मुलांपाशी आता शिक्षणावाचून दुसरे वतन उरलेले नाही. तरीही बारावी झालेल्या मुलाला “आपल्याला परवडत नाही” एवढ्या एका वाक्यावर कामाला जुंपणारी घरे आपल्या धर्मग्रामांत आहेत. हे वाक्य आपण एकदा तपासून पाहणार आहोत की नाही?

लग्न निघाले म्हणजे उंबराच्या पाण्यापासून पाहुण्यांच्या पंगतीपर्यंत आपण हात आखडता घेत नाही. त्यासाठी दागिने गहाण पडतात, पतपेढीचे कर्ज निघते आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मात्र शैक्षणिक कर्जाचे नाव काढताच, “पोराच्या डोक्यावर बोजा कशाला?” शिष्यवृत्तीचा अर्ज म्हणजे तर हात पसरणे! एका दिवसाच्या जेवणावळीचे कर्ज प्रतिष्ठेचे आणि चाळीस वर्षांच्या उपजीविकेचे कर्ज लाजिरवाणे, हा न्याय कोणता?

शिष्यवृत्ती ही भीक नव्हे. वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे निम्मे शुल्क शासन भरते. २०२४-२५ पासून त्याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील आणि इतर मागासवर्गीय मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. अल्पसंख्याकांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराविना कर्ज मिळू शकते.

पण येथेच मेख आहे. शुल्कसवलत मिळते ती शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून जागा घेणाऱ्याला. आवडीची शाखा हवी म्हणून व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली की सवलतीचे दार बंद होते. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र यांसाठी निकालानंतर धावाधाव करणाराही बहुधा मागे पडतो. गरिबीपेक्षा हे अज्ञानच आपल्याला अधिक महाग पडते.

कोणी म्हणेल, शासनाचा पैसा वेळेवर येत नाही, महाविद्यालय मात्र आधी भरायला सांगते. हे गाऱ्हाणे खरे आहे. पण त्यावरचा उपाय आपल्या हाती आहे. १९१८ साली वसईत मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथलिक पतसंस्था उभी राहिली; तीच आजची बॅसीन कॅथलिक बँक. त्या काळातल्या माणसांकडे आपल्याहून अधिक पैसा नव्हता, एकमेकांवरचा विश्वास मात्र होता. मग शिष्यवृत्ती हाती येईपर्यंतचे शुल्क बिनव्याजी उसने देणारा एक निधी आज धर्मग्रामाला का उभारता येऊ नये? सणाच्या रोषणाईतून आणि प्रत्येक लग्नाच्या खर्चातून थोडा वाटा त्यासाठी का काढू नये? पैसा आला की विद्यार्थ्याने रक्कम परत करावी आणि ती पुढच्याच्या कामी यावी.

त्याच्या जोडीला दर जानेवारीत दहावी-बारावीच्या पालकांना मिस्सानंतर तासभर थांबवून दाखल्यांची यादी हाती द्यावी. धर्मग्राम मंडळाने येत्या बैठकीत हे दोन ठराव मांडावेत. ज्यांना ते नामंजूर असतील त्यांनी आपली कारणे त्या मुलांसमोर उभे राहून सांगावीत.