गाठ निघाली, मुळे राहिली

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ओतीव लोखंडाच्या कारखान्याचे फाटक राखणाऱ्या कुत्र्याच्या पुढच्या पायावर लिंबाएवढी गाठ यावी, ती कापून काढली जावी आणि टाके वाळताच पहारेकऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकावा, एवढ्यावर हे प्रकरण दफ्तरदाखल होते. परंतु ही गाठ मृदू ऊतींच्या कर्करोगाची असेल, तर तो वरून आवरणबद्ध भासला तरी त्याचे सूक्ष्म तंतू आवरणापलीकडे शिरलेले असू शकतात, आणि काही महिन्यांनी त्याच व्रणाखाली तो पुन्हा डोके वर काढू शकतो. ओतीव लोखंडातील अदृश्य पोकळी गॅमा किरणांनी हुडकण्याची रीत ज्या धंद्याला ठाऊक आहे, त्याच्या दारात काढलेली गाठ कडा तपासण्यासाठी फॉर्मॅलिनमध्ये न जाता बादलीत जाते. मी ती बादली पाहिली आहे.

कडेवर रोगपेशी आढळल्या आणि पायावर आणखी कापण्यास मांसच उरले नाही, तर जखम भरल्यावर किरणोपचार द्यावे लागतात. ते बहुधा 15 ते 20 मात्रांत विभागलेले असतात, आणि जनावर निश्चल राहावे म्हणून दर खेपेस भूल द्यावी लागते. हा खर्च पहारेकऱ्याच्या ऐपतीबाहेरचा आहे, हे कबूल. तथापि किरणोपचारांचे ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट यंत्र ज्या देशात भाभा अणुसंशोधन केंद्राने घडविले, तेथे कागलवरून जाणाऱ्या पुणे-बंगळूर रस्त्यावरच असलेल्या शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात असे एक यंत्र असावे, ही मागणी सरकारदरबारी रुजू करण्यात मला तरी चैन दिसत नाही. फॉर्मॅलिनच्या बरणीला तर मंजुरीही लागत नाही.