भेद जाणणे आणि भेद करणे

‘डिस्टिंग्विश’ हे इंग्रजी क्रियापद आपल्या विद्यार्थ्यांस बहुधा प्रश्नपत्रिकेतच प्रथम भेटते, आणि ‘फरक स्पष्ट करा’ एवढा अर्थ पाठ करून ते मोकळे होतात. वस्तुतः अर्थ कळणे निराळे व शब्द वापरता येणे निराळे. दोन वस्तूंमधील फरक दाखवावयाचा असेल तर या क्रियापदामागून ‘बिट्वीन’ येतो आणि त्या दोन नावांना ‘अ‍ॅन्ड’ जोडतो. तेथे ‘टु’ घालणे अशुद्ध होय. पट्ट्यांमुळे वाघ सिंहापासून वेगळा ओळखू येतो, असे सांगताना मात्र ‘फ्रॉम’ हवा. ‘डिफरन्शिएट’ची रचनाही अशीच आहे, गणिताच्या तासाला त्याचा अर्थ ‘अवकलन करणे’ असा होतो, ती गोष्ट वेगळी.

परंतु व्याकरणाहून मोठी उणीव उत्तरांत आढळते. कागदाच्या मधोमध रेघ ओढली की फरक दाखविला, अशी अनेकांची समजूत दिसते. डावीकडे लिहावे, ‘गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते’. उजवीकडे, ‘मुसी नदीला १९०८ साली महापूर आला’. दोन्ही विधाने खरी, तरीही फरक कोठेच नाही! उगमासमोर उगमच हवा: मुसीचा उगम अनंतगिरीच्या डोंगरात आहे. गोदावरी बंगालच्या उपसागरास मिळते, तर मुसी कृष्णेस. ज्या गोष्टींना एकच माप लावता येते, त्यांच्यातीलच भेद दाखविता येतो.

याच अर्थाचे तिसरे क्रियापद ‘डिस्क्रिमिनेट’. त्याचा एक अर्थ सूक्ष्म भेद ओळखणे, म्हणजे आपला ‘विवेक’. दुसरा अर्थ पक्षपात करणे. आज दुसराच अधिक प्रचलित आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हैदराबादेत मराठी शाळा निघाली, तिला ‘विवेकवर्धिनी’ हे नाव मिळाले, ते पहिल्या अर्थाने. आपल्या शहरात मुलाला रागावताना जो ‘तमीज’ शब्द ऐकू येतो, त्याचाही मूळ अर्थ भेद ओळखण्याची शक्ती हाच आहे. शिष्टाचार हा अर्थ मागाहूनचा असावा, असे मला वाटते.

मराठीत ‘फरक करणे’ हा प्रयोग या दोन्ही अर्थांनी चालतो, आणि घोटाळा तेथेच होतो. भेदभाव करणारा माणूस ‘मी केवळ फरक ओळखला’ असे सांगून सुटू पाहतो. उलटपक्षी, कित्येक सज्जनांना फरकाचा नुसता उल्लेखही अन्याय वाटतो. भारतीय संविधानाच्या १५ व्या कलमाने धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून राज्याने नागरिकांत भेदभाव करू नये असे बजावले आहे. त्याच कलमात स्त्रिया व बालके यांच्याकरिता विशेष तरतूद करण्याची मुभाही आहे. मागासवर्गीयांसंबंधीचे पोटकलम १९५१ साली त्यात जोडले गेले. या विशेष तरतुदींनाच ‘भेदभाव’ म्हणणाऱ्यांनी ते कलम शेवटपर्यंत वाचलेले दिसत नाही.