आधी बाण, मग शब्द

आयईएलटीएसच्या वाचन परीक्षेत ६० मिनिटांत ४० प्रश्न सोडवायचे असतात. त्यात फ्लोचार्ट आला की आपण उताऱ्यात थेट शब्द शोधत सुटतो. माझ्या मते घोळ तिथंच होतो.

आपल्या धारवाडी पेढ्याचंच घ्या. दूध आटवून खवा करायचा, साखर घालून तो खमंग परतायचा, पेढे वळून पिठीसाखरेत घोळवायचे. मराठीतलं 'आटवून', 'घालून', 'वळून' क्रम आपोआप सांगतं. इंग्रजी वाक्य मात्र पिठीसाखरेपासून सुरू होऊन 'आफ्टर' म्हणत मागे परतण्याकडे जाऊ शकतं. वाक्यात आधी आलेला शब्द चौकटीतही आधीच येईल, असं नाही. म्हणून 'बिफोर', 'आफ्टर', 'वन्स' यांच्याखाली रेघ मारा, बाण काढा आणि मगच शब्द भरा. दोनच शब्द मागितले असतील तर तिसरा लिहिला की उत्तर चूक. स्पेलिंग चुकलं तरी तेच.

क्लासमधल्या युक्त्यांवर एखादी परीक्षा निघेल. पण आधी काय, मग काय हे ओळखायची सवय प्रयोगशाळेत, नोकरीत, सगळीकडे लागते. ती मराठी-कन्नड वाचूनही लागते. मंडळाच्या पुढच्या बैठकीत एका मराठी उताऱ्याचा फ्लोचार्ट काढून बघूया की!