एक देश, एक निवडणूक आणि यशवंतपूरचा मतदार

मंगळवारी, १७ डिसेंबर २०२४ रोजी, लोकसभेत एकशे एकोणतिसावे घटनादुरुस्ती विधेयक मांडण्यात आले. खरे तर ते मांडावे की नाही यावरच मतदान झाले. विधेयक दाखल करण्याचा टप्पा आपल्या संसदेत बहुधा आवाजी मतदानाने मिनिटभरात उरकतो. या वेळी विरोधकांनी मतविभाजन मागितले. नव्या संसद भवनात इलेक्ट्रॉनिक यंत्रावर मतविभाजन होण्याची ही पहिलीच खेप होती. फलकावर आधी २२० विरुद्ध १४९ असे आकडे झळकले. ज्यांचे मत यंत्रात नोंदले गेले नव्हते किंवा ज्यांना ते बदलायचे होते, त्यांना चिठ्ठ्या देण्यात आल्या. अखेरचा आकडा २६९ विरुद्ध १९८ असा ठरला. कायदामंत्री अर्जुनराम मेघवाल यांनी विधेयक मांडले आणि ते संयुक्त समितीकडे पाठवण्याची सरकारची तयारी असल्याचे गृहमंत्र्यांनी सभागृहातच सांगितले.

विधेयक मांडण्यासाठी साधे बहुमत पुरते, ते सरकारकडे होते. परंतु घटनादुरुस्ती मंजूर करायची तर एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्यांचा पाठिंबा लागतो. मंगळवारी ४६७ जणांनी मतदान केले. त्याचे दोन-तृतीयांश म्हणजे ३१२. सरकारची मते त्याहून ४३ ने कमी पडली. सभागृह पूर्ण भरले तर ही गरज ३६२ वर जाते आणि सत्ताधारी आघाडीचे संख्याबळ तेव्हा २९३ च्या घरात होते. पक्षादेश असूनही सत्ताधारी बाकांवरील वीसच्या आसपास सदस्य गैरहजर राहिल्याच्या बातम्या आहेत. ते सारे आले असते तरी हे गणित बदलले नसते. म्हणजे तेव्हा तरी हे विधेयक मंजूर होण्यासाठी मांडलेले नव्हते. ते चर्चेसाठी मांडलेले आहे असे सरकारचे म्हणणे असेल, तर ती चर्चा नीट व्हायला हवी. नव्वद मिनिटांच्या प्राथमिक विरोधात ती होणे शक्य नव्हते.

मी हा मजकूर बेंगळुरूच्या यशवंतपूर भागातून लिहीत आहे. महाराष्ट्राच्या वाचकांना हे नाव रेल्वे जंक्शनमुळे ठाऊक असते, आणि कांद्याच्या व्यापाऱ्यांना इथल्या बाजार आवारामुळे. नाशिक, नगर, सोलापूरकडचा कांदा दक्षिणेत शिरतो त्या प्रमुख दारांपैकी हे एक. याच नावाचा एक विधानसभा मतदारसंघही आहे. तो बेंगळुरू उत्तर या, तीस लाखांहून अधिक मतदारांच्या, लोकसभा मतदारसंघात मोडतो. सततच्या निवडणुकांनी देश थकला आहे, असा या विधेयकाचा मूळ दावा आहे. तो तपासण्यासाठी हा मतदारसंघ मला फार सोयीचा वाटतो.

२०१८ ते २०२४ या सात वर्षांत यशवंतपूरचा मतदार मतदानकेंद्रावर किती वेळा गेला? १२ मे २०१८ रोजी विधानसभेसाठी. १८ एप्रिल २०१९ रोजी लोकसभेसाठी. त्याच वर्षी ५ डिसेंबरला विधानसभेच्या पोटनिवडणुकीसाठी. १० मे २०२३ रोजी पुन्हा विधानसभेसाठी आणि २६ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेसाठी. एकूण पाच वेळा. यांपैकी चार निवडणुका घटनेने ठरवून दिलेल्या मुदतीच्या होत्या. पाचवी, म्हणजे डिसेंबर २०१९ ची, कोणत्याही वेळापत्रकामुळे झालेली नव्हती. काँग्रेसच्या चिन्हावर निवडून आलेले आमदार एस. टी. सोमशेखर यांनी इतर सहकाऱ्यांसह राजीनामा दिला, आघाडी सरकार कोसळले आणि सभापतींनी या आमदारांना अपात्र ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०१९ रोजी अपात्रता कायम ठेवली, पण विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवण्यावर घातलेली बंदी रद्द केली. सोमशेखर भाजपच्या चिन्हावर उभे राहिले आणि निवडून आले. पुढे २०२३ मध्येही ते भाजपकडूनच जिंकले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यसभेच्या निवडणुकीत त्यांनी पक्षाविरुद्ध जाऊन काँग्रेसच्या बाजूने मत दिले.

अनावश्यक निवडणूक म्हणायची तर ती ही. एका मतदारसंघातील मतदारांनी दीड वर्षापूर्वी दिलेला कौल त्यांच्याच प्रतिनिधीने उलटवला आणि त्याचा खर्च पुन्हा जनतेवर पडला. त्या दिवशी कर्नाटकात अशा पंधरा जागांवर मतदान झाले. मंगळवारी मांडलेल्या विधेयकात यावर उपाय कोणता? काहीही नाही. पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टाला ते स्पर्शही करत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. याच सात वर्षांत यशवंतपूरच्या मतदाराने नगरसेवक निवडण्यासाठी किती वेळा मत दिले? एकदाही नाही. बेंगळुरू महापालिकेची शेवटची निवडणूक २२ ऑगस्ट २०१५ रोजी झाली. तेव्हाच्या १९८ प्रभागांतील नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहा आठवड्यांत निवडणूक घ्या असा आदेश दिला, पण दोन आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. नवा कायदा आला आणि प्रभाग २४३ झाले. सरकार बदलले आणि ते २२५ झाले. २०२४ अखेर शहराचे अनेक महापालिकांत विभाजन करणारे विधेयक सभागृहांच्या संयुक्त समितीपुढे होते. या काळात राज्यात भाजपचेही सरकार होते आणि काँग्रेसचेही. प्रशासकाची राजवट दोघांनाही खुपली नाही. नळाला पाणी आले नाही, कचरा उचलला गेला नाही, तर नागरिकाने जायचे कोणाकडे? आमदाराकडे. आणि आमदाराला हे सोयीचेच असते.

मुंबई-पुण्याच्या वाचकांना हे वर्णन परके वाटणार नाही. फेब्रुवारी २०१७ नंतर मुंबई महापालिकेची निवडणूक २०२४ अखेरपर्यंत झाली नव्हती, आणि मार्च २०२२ पासून तिथे प्रशासक होता. पुणे, नाशिक, नागपूर यांचीही तेव्हा हीच गत होती. छत्रपती संभाजीनगर आणि नवी मुंबई तर २०२० पासून लोकप्रतिनिधींविना होती. २०२४ मध्ये सुमारे साठ हजार कोटी रुपयांचा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प एका अधिकाऱ्याच्या सहीने मंजूर झाला. पालिकेची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असे घटनेचा अनुच्छेद २४३-यू सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये किशनसिंग तोमर खटल्यात हे बंधन अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले होते. प्रभागरचना किंवा आरक्षण अपुरे आहे ही सबब २०२२ मध्ये मध्य प्रदेशाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने नाकारली होती. तरीही देशातील दोन महानगरे आपापल्या राज्यांच्या विधानसभांसाठी आणि लोकसभेसाठी मतदान करून मोकळी झाली, पण स्वतःच्या कारभारासाठी २०२४ अखेरपर्यंत करू शकली नाहीत. या शहरांचे दुखणे निवडणुकांच्या अतिरेकाचे नव्हते, त्यांच्या अभावाचे होते.

येथे विधेयकातील एक गाळलेली जागा लक्षात घेण्याजोगी आहे. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने मार्च २०२४ मध्ये दिलेल्या १८ हजारांहून अधिक पानांच्या अहवालात दोन टप्पे सुचवले होते. आधी लोकसभा आणि विधानसभा, मग शंभर दिवसांच्या आत पालिका आणि पंचायती. दुसऱ्या टप्प्यासाठी निम्म्या राज्यांची संमती लागेल, असेही समितीने म्हटले होते. मंगळवारच्या विधेयकात हा दुसरा टप्पा नाही. ज्या निवडणुका होतात त्या एकत्र बांधायच्या आणि ज्या होतच नाहीत त्या तशाच राहू द्यायच्या, असा या मसुद्याचा अर्थ होतो. राज्यांची संमती मागण्याचा रस्ता अवघड असेल हे मान्य. पण मग ‘सर्व निवडणुका एकत्र’ हे बोधवाक्य तरी सोडून द्यावे.

जे विधेयकात आहे तेही बारकाईने वाचायला हवे. नवा अनुच्छेद ८२-अ असे सांगतो की, सार्वत्रिक निवडणुकीनंतर लोकसभेच्या पहिल्या बैठकीच्या दिवशी राष्ट्रपती अधिसूचना काढू शकतील, आणि त्या तारखेनंतर निवडून आलेल्या सर्व विधानसभांची मुदत त्या लोकसभेबरोबरच संपेल. ही तारीख लवकरात लवकर म्हणजे २०२९ ची, असे धरले जात आहे. मग प्रत्यक्ष एकत्र निवडणूक २०३४ मध्ये. कर्नाटकात पुढची विधानसभा नियमाप्रमाणे २०२८ मध्ये निवडून येईल आणि २०३३ पर्यंत चालेल. तेव्हा पुन्हा निवडणूक होईल आणि ती विधानसभा जेमतेम एक वर्ष टिकेल. उत्तर प्रदेशात २०३२ मध्ये निवडून येणाऱ्या सरकारला दोन वर्षे मिळतील. महाराष्ट्राचे नशीब त्या मानाने बरे: २०२९ च्या हिवाळ्यात येणारे सरकार साडेचार वर्षे राहील. निवडणुका कमी करण्यासाठी आणलेली व्यवस्था पहिल्याच फेरीत यशवंतपूरच्या मतदाराला दोन वर्षांत दोनदा विधानसभेसाठी रांगेत उभी करणार आहे. पुढेही एखादी विधानसभा मध्येच बरखास्त झाली तर नवी निवडणूक होईलच, फक्त उरलेल्या मुदतीपुरती. आठ-दहा महिन्यांसाठी कोण सरकार चालवील, आणि चालवले तर कसले निर्णय घेईल?

समर्थकांच्या मुद्द्यांत तथ्य नाही असे नाही. निवडणुकीच्या कामाला शिक्षक जुंपले जातात, शाळा ओस पडतात. आचारसंहितेच्या नावाखाली साध्या रस्त्याचे कामही थांबते. पण २०२४ च्या लोकसभेच्या वेळी आचारसंहिता १६ मार्चपासून ६ जूनपर्यंत, सुमारे ऐंशी दिवस, होती. बेंगळुरूचे मतदान २६ एप्रिललाच आटोपले होते. त्यानंतरचे एकेचाळीस दिवस शहर इतर ठिकाणच्या मतदानासाठी थांबून राहिले. हा सात टप्प्यांचा परिणाम आहे. टप्पे कमी करण्यासाठी घटना बदलावी लागत नाही.

मतदाराच्या विवेकाचा प्रश्न मात्र घटनेशी निगडित आहे. डिसेंबर १९८४ मध्ये कर्नाटकाने लोकसभेच्या २८ पैकी २४ जागा काँग्रेसला दिल्या. मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी नैतिक जबाबदारी घेऊन विधानसभा विसर्जित केली. मार्च १९८५ मध्ये त्याच मतदारांनी हेगडे यांच्या जनता पक्षाला २२४ पैकी १३९ जागा दिल्या. मध्ये जेमतेम दोन-अडीच महिने गेले होते. मे २०२३ मध्ये कर्नाटकाने काँग्रेसला १३५ जागा दिल्या आणि वर्षभरात लोकसभेच्या १९ जागा भाजप व धर्मनिरपेक्ष जनता दलाला. महाराष्ट्रात २०२४ मध्ये लोकसभेला महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या, आणि पाच-सहा महिन्यांनी महायुतीने २८८ पैकी २३० च्या आसपास जागा जिंकल्या. निकाल कुणाला आवडो न आवडो, दिल्ली आणि राज्य यांचा हिशेब मतदार वेगळा ठेवतो हे त्यातून दिसते. एकाच दिवशी मतदान झाले म्हणून हा विवेक नाहीसा होतो, असा माझा दावा नाही. २००४ मध्ये कर्नाटकात दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या तेव्हा भाजपला लोकसभेच्या १८ जागा मिळाल्या, पण विधानसभेत ७९ वरच थांबावे लागले. मात्र दोन निवडणुकांमधल्या अंतराचा एक वेगळाच उपयोग असतो, आणि तो समजण्यासाठी पुन्हा यशवंतपूरच्या बाजार आवारात जावे लागते.

केंद्राने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. निर्यात थांबली की माल देशातच फिरतो आणि नाशिकच्या शेतकऱ्याच्या हाती येणारा दर पडतो. बंदी उठली ती ४ मे २०२४ रोजी, नाशिक-दिंडोरीचे मतदान सोळा दिवसांवर आलेले असताना. तेव्हाही चाळीस टक्के शुल्क आणि किमान निर्यातमूल्य यांची अट राहिलीच. मतदारांनी कांदापट्ट्यात आपला राग नोंदवला. मग सप्टेंबरमध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, किमान निर्यातमूल्याची अट गेली आणि शुल्क वीस टक्क्यांवर आले. हे औदार्य कुठून आले ते आडत्यालाही कळते आणि हमालालाही. लोकसभा आणि विधानसभा एकाच दिवशी झाल्या असत्या, तर सप्टेंबरमधला निर्णय घेण्याची निकड दिल्लीला कोणत्या कारणाने वाटली असती? निवडणुकीच्या तोंडावर घेतलेले निर्णय उथळ असतात ही टीका रास्त आहे. परंतु ज्याच्यापाशी मताखेरीज दुसरे वजन नाही, त्याला पाच वर्षांत एकदाच दार ठोठावू द्यायचे, हा त्यावरचा इलाज कसा?

त्याच मंगळवारी संध्याकाळी राज्यसभेत घटनेच्या पंच्याहत्तर वर्षांवरील चर्चेला गृहमंत्र्यांनी उत्तर दिले. डॉ. आंबेडकरांविषयीच्या त्यांच्या एका विधानावरून बुधवारपासून दोन्ही सभागृहे तापली आणि लोकसभेतील मतविभाजन बातम्यांच्या पहिल्या पानावरून मागे सरकले. ज्या दिवशी एका सभागृहात घटनेचा गौरव झाला, त्याच दिवशी दुसऱ्या सभागृहात तिच्या विधानसभांविषयीच्या कलमांची फेररचना दाखल झाली. या दोन्ही गोष्टी एकमेकींसमोर ठेवून बोलणारे सदस्य थोडेच होते.

अधिवेशन शुक्रवारी संपले. संयुक्त समितीपुढे राजकीय पक्ष, माजी सरन्यायाधीश, अर्थतज्ज्ञ येणारच. त्या समितीने बेंगळुरूत आणि मुंबईत एकेक बैठक घ्यावी. दहा वर्षांपूर्वीच्या यादीत नाव असलेल्या एखाद्या माजी नगरसेवकाला बोलवावे आणि विचारावे की, आपल्या प्रभागाचा क्रमांक आज काय आहे.