न दिसणारा सांधा

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि मुरुडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या पाहता पाहता आडव्या झाल्या. तरीही सूचना अगोदर मिळाल्यामुळे होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या, माणसे सुरक्षित जागी हलली होती. वादळाचा माग काढण्यात इन्सॅट मालिकेतील हवामान उपग्रहांचा मोठा वाटा असतो. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील अशा उपग्रहातला एखादा सांधा निसटला, तर तो दुरुस्त करायला कोणी जाऊ शकत नाही. जमिनीवर, सूक्ष्मदर्शकाखाली असे सांधे जोडणाऱ्या कारागिराविषयी आपण मुलांशी कधी बोलत नाही, ही माझी खंत आहे.

सोल्डरिंग म्हणजे आपल्या जुन्या भाषेत डाख देणे. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे यांचे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि एकदम गोठते. उष्णता कमी पडली, तर सांधा वरून जुळलेला दिसतो, पण आत धरत नाही. जास्त झाली, तर नाजूक भाग जळतो. अंगातील स्थिर विद्युत जमिनीत उतरावी म्हणून मनगटाला पट्टा बांधून, काही क्षणांत हे साधावे लागते.

एका सांध्याचे मोल किती? २८ डिसेंबर २०१४ रोजी सुराबायाहून सिंगापूरला निघालेले एअर एशियाचे विमान जावा समुद्रात कोसळले. १६२ जीव गेले. सुकाणूच्या हालचालीला मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेतील डाखाला तडा गेला होता, असे चौकशीत आढळले. तो बिघाड आधीच्या १२ महिन्यांत २३ वेळा नोंदला गेला होता. पुढे वैमानिकांच्या हाताळणीतही चुका झाल्या. पण अनर्थाची सुरुवात त्या बारीक तड्यापासून झाली.

पालक म्हणतील, हातकाम सुटावे म्हणून तर मुलांना शाळेत घातले. आता पुन्हा तेच? प्रश्न रास्त आहे. जातीने लादलेली कामे नाकारण्यासाठीच आपल्या समाजाने शिक्षणाची वाट धरली. परंतु लादलेल्या कामात नकाराला जागा नव्हती. शिकून निवडलेल्या या कौशल्यात ‘हा सांधा मी मान्य करणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कारागिराला असतो, आणि आपलाच दोष आपण नोंदवण्याची जबाबदारीही. सम्यक आजीवाचा अर्थ मला इथे दिसतो. हेच कौशल्य क्षेपणास्त्रातही वापरले जाते, हे लपवू नये. कोठे काम करायचे, हे मुलांनी डोळसपणे ठरवावे.

वाट अवघड नाही. दहावीनंतर आयटीआयमध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ओझरला १९६४ पासून हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. आपल्याच जिल्ह्यात तळोजा येथे भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना आहे. माजी विद्यार्थ्यांना विनंती, की या निमित्ताने शाळेला चार सोल्डरिंगची टेबले, भिंगे, शिसेविरहित तार आणि धूर ओढणारे पंखे द्यावेत, आणि या क्षेत्रात असलेल्यांनी वर्षातून एक दिवस मुलांशेजारी बसावे. मुलाने जोडलेला पहिला सांधा भिंगाखाली धरावा आणि त्यात काय चुकले, हे त्यालाच शोधू द्यावे.