वाड्यामागची वस्ती

मॉरिशसच्या उत्तरेला, मापू गावाजवळ, लाबुर्दोने हा ऊसमळ्याच्या मालकाचा प्रासाद आहे. १८५९ मध्ये बांधून झालेल्या या वास्तूची २००६ पासून डागडुजी झाली आणि २०१० मध्ये ती लोकांना पाहायला खुली झाली. मोका येथील १८३० चे ‘युरेका’ हे घरही टिकून आहे. चक्रीवादळांच्या या बेटावर इतकी जुनी घरे जगली, याचे श्रेय ती जपणाऱ्यांना दिलेच पाहिजे.

मात्र ज्यांच्या घामावर हे वैभव उभे राहिले, त्यांची घरे कुठे आहेत? १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांच्या हाती काहीच आले नाही. त्यांच्या जागी मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. १८३४ नंतर सुमारे साडेचार लाख माणसे त्या किनाऱ्यावर उतरली. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, आणि एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि सावंतवाडीकडची आपली माणसे होती. त्यांच्या वंशजांनी तिथे मराठी टिकवली. गणेश चतुर्थीला आज त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

हे मजूर जिथे उतरले, त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण घाटावर माणूस दोन-चार दिवस थांबे; आयुष्य सरे ते मळ्यावरच्या कॅम्पात. त्रियानोँ येथील मजुरांच्या दगडी, कमानदार खोल्या राष्ट्रीय वारसा म्हणून राखल्या आहेत. गवताने शाकारलेल्या झोपड्यांना असे भाग्य कुठून मिळणार? वाड्याचे सागवान टिकते, गवत दोन पावसाळ्यांत कुजते. म्हणूनच वस्ती जपण्यासाठी वाड्याहून अधिक कष्ट घ्यायला हवेत.

अमेरिकेत लुईझियानातील व्हिटनी मळ्याने २०१४ मध्ये दारे उघडली, ती गुलामांची कहाणी सांगण्यासाठी. तिथे त्यांची नावे भिंतींवर कोरलेली आहेत. मॉरिशसलाही हे अवघड नाही. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या आणि छायाचित्रे आहेत. प्रत्येक जुन्या वाड्यात त्या मळ्यावरच्या माणसांची नावे दिवाणखान्यातच लावली जावीत, मागच्या पडवीत नव्हे. कॅम्पांच्या जागा वंशजांना विचारून नकाशावर आणाव्यात, आणि त्यावर घरबांधणीचा नांगर फिरण्याआधी आणाव्यात.

महाराष्ट्र सरकारनेही इथे हात द्यावा. मुंबई इलाख्यातून झालेल्या स्थलांतराचे कागद आपल्या पुराभिलेखागारात आहेत. त्यांच्या संगणकीय प्रती काढून मॉरिशसच्या मराठी कुटुंबांना विनामूल्य उपलब्ध कराव्यात.