कॉलेजच्या गेटबाहेरची पोरं मतदार यादीत कधी येणार?

तुमसर : 25 जानेवारी आला की कॉलेजांत राष्ट्रीय मतदार दिनाची शपथ होते, रॅली निघते, नवमतदारांचे फॉर्म भरून घेतले जातात. चांगलंच आहे. पण किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या आंबागडसारख्या गावात अठरा वर्षांचे सगळेच कॉलेजात नसतात. कोणी दहावीनंतर शाळा सोडून बांधीत उतरतो, कोणी राइस मिलमध्ये पोती उचलतो, कोणी नागपूरला कामाला जातो. एखादी मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते. रॅली त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

याचा फटका आधी गावातच बसतो. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच बनते. तिथं नाव नाही तर सरपंच निवडताना मत नाही. एवढंच नाही, कायद्याने ग्रामसभेचा सदस्यही तोच, ज्याचं नाव गावच्या मतदार यादीत आहे. घरकुल, रोजगार हमी, पाणी यांचे विषय निघतात तेव्हा हा पोरगा नुसता उभा राहून ऐकणार! आणि गावात निकाल पाच-दहा मतांनीही फिरतो. निवडणूक लागल्यावर धावपळ केली तर यादीची तारीख निघून गेलेली असते.

मतदानाचं वय 21 वरून 18 झालं 1989 मध्ये. पूर्वी 1 जानेवारीला अठरा पूर्ण नसतील तर वर्षभर थांबावं लागायचं. 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्जही करता येतो. म्हणजे ऐन रोवणीत फॉर्मसाठी काम बुडवायची गरज नाही.

दहावीचा दाखला नाही म्हणून अडत नाही, जन्माचा दाखला किंवा वाहन परवानाही चालतो. नवीन नावासाठी फॉर्म 6, पत्ता बदलला तर फॉर्म 8. मोबाईलवरून भरा किंवा बीएलओकडे द्या. अडचण आली तर 1950 वर फोन लावा.

शिक्षण सुटलेल्यांसाठी निवडणूक आयोगाची 'चुनाव पाठशाला' ही योजना आहे. ती बूथवर, गावातच भरायला हवी. पण दुपारी बारा वाजता भरली तर येणार कोण? रोजंदारीवरचा पोरगा संध्याकाळी चौकात, पानठेल्यावर भेटतो. तिथंच यादी वाचली, तर कोणाचं नाव राहिलं ते गावच सांगेल.

नाव आलं तरी मत पडायला हवं. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबर 2024 ला झालं, ऐन धान कापणी-मळणीच्या दिवसांत. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टीचा हक्क रोजंदारी मजुरालाही आहे. हे मालकाला माहीत असतं, मजुराला कोण सांगणार?

प्रशासनाने कॉलेजबाहेर पडावंच. पण घरात सतरा-अठराचं कोणी असेल तर आजच यादी बघा. निवडणूक लागायची वाट पाहू नका.